राईतले नव्वद मीटर

आत्याचा फोन आला तेव्हा मी कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये बसून सकाळच्या बैठकीला मनातल्या मनात शिव्या घालत होते. अर्धा श्रावण सरला होता.

"वृषे, राईतला झरा आटला गो."

"आटला म्हणजे?"

"आटला म्हंजी आटला. काल सकाळी कळशी घेऊन गेले, तर थेंब नाय. वरनं धो धो पडतोय आनि झरा कोरडा ठणठणीत. लगीन होऊन आले तवापासनं असं कदी बगितलं नाय."

"आणि पहारा काय दाखवतो?"

"हिरवा. अकरा आकडा. मी बोलले चार घरांत, जरा दोन दिस शाळंत जाऊन राहू या. तर हसले मला. तो किसन म्हनतो, काकी, तूच ना सांगत हिंडायचीस, आमच्या वृषालीनं बसवलेलं यंत्र हाय, त्याच्यावर इस्वास ठेवा म्हनून? आता ठेवलाय तर तूच का घाबरतेस?"

मला संताप आला. आधी किसनचा आणि मग स्वतःचा. भर पावसात झरा आटतो तेव्हा पाणी संपलेलं नसतं, त्याची बाहेर यायची वाट बुजलेली असते. ते आतच साठत जातं, कातळावरची माती फुगत जाते, आणि मग एका क्षणी ती कातळाला सोडते. हे कळायला भूभौतिकी शिकावी लागत नाही. सुलोचना शेलार, म्हणजे माझी आत्या, चौथी पास आहे. तिला कळलं. पहाऱ्याला कळलं नव्हतं.

पहारा म्हणजे काय हे आता शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं, तरी सांगते, कारण त्यातली अर्धीच गोष्ट शाळेत शिकवतात. दरडीचा धोका असलेल्या उतारावर मीटरभर खोल काचतंतूची केबल पुरतात आणि तिच्यातून लेसरचे ठोके सोडतात. त्या प्रकाशाचा अगदी बारीक अंश वाटेतून मागे फिरतो. जमीन केसभर जरी थरथरली तरी त्या मागे फिरणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. पाऊस, ओढा, रस्त्यावरची एसटी, या सगळ्यांची धडधड मातीतून जात असते. माती घट्ट असली की ती भरभर जाते, भिजून सैल झाली की रेंगाळते. पहारा हा वेग सतत मोजत बसतो.

पण नुसत्या वेगावरून धोका कळत नाही. कातळ किती खोल आहे, चिकणमाती कुठं आहे, पाणी कुठून कुठं जातं, याचा नकाशा आधी लागतो. त्यासाठी उतारावर ओळीनं पोलादी कांबा ठोकायच्या, दोन कांबांतून जमिनीत वीज सोडायची आणि बाकीच्या कांबांवर विजेचा दाब मोजायचा. ओली चिकणमाती वीज सहज जाऊ देते, कोरडा कातळ अडवतो. त्यावरून डोंगर आतून कसा आहे याचं रंगीत चित्र तयार होतं. हे चित्र आणि तो वेग एकत्र केले की शून्य ते शंभरमधला एक आकडा निघतो. साठच्या वर गेला की लाल. मग फोन आपोआप वाजतात, बस आपोआप सुटतात, शाळेची कुलपं तहसीलदाराला उघडावीच लागतात. साठच्या आत असेल तर वाडी हलवायचा अधिकार कुणालाच नाही, अगदी मंत्र्यालाही नाही.

हा नियम आज मूर्खपणाचा वाटेल, पण तो करताना तसा नव्हता. एकाच पावसाळ्यात तीन वाड्या गाडल्या गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा कुणीतरी साहेब 'उद्या बघू' म्हणाला होता. म्हणून माणसाचं मत मधून काढूनच टाकायचं ठरलं. त्या मसुद्यावर माझी सही आहे. तो मंजूर झाला तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

महाडच्या वरच्या अंगाला असलेल्या हेदकोंडचं, म्हणजे आत्याच्या वाडीचं, सर्वेक्षणही चार वर्षांपूर्वी मीच केलं होतं. टेबलापाशी येऊन मी ते चित्र उघडलं. खाली बेचाळीस घरं, वर झोलाईदेवीची राई, तिच्या वर डोंगराचा माथा. राईच्या जमिनीखाली एक लांबच लांब हिरवा, म्हणजे कोरडा, पट्टा होता, नव्वद मीटरांचा. मोजमापाचे ठिपके दाखवायला सांगितलं तेव्हा त्या पट्ट्यात एकही ठिपका उमटला नाही.

मग मला तो दिवस आठवला. राईच्या तोंडाशी रावजी गुरव हात आडवा करून उभे होते. "राईत लोखंड नको," एवढंच ते म्हणाले होते. कांबा लोखंडी, केबलचा चर खणायचं यंत्र लोखंडी. माझा सर्वेक्षक मागून हसून पुटपुटला होता, "बरं झालं मॅडम, नव्वद मीटर वाचले." आम्ही राईच्या या बाजूला थांबलो आणि त्या बाजूला पुन्हा सुरुवात केली. केबल वळसा घालून नेली. मी माझ्या वहीत 'प्रवेश नाही' असं लिहिलं. कार्यालयाच्या अर्जात तसं लिहायला रकानाच नव्हता. मधली रिकामी जागा संगणकानं दोन्ही बाजूंच्या आकड्यांची सरासरी काढून भरून टाकली. दोन्ही बाजू कोरड्या होत्या, म्हणून राईही कोरडी. झरा वाहत होता तिथं!

*

डॉ. निरंजन सबनीस आमच्या कक्षाचे प्रमुख. पहाऱ्याचं गणित त्यांचं. माणूस हुशार, त्यात वाद नाही. मी चित्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"हे अंदाजानं भरलेलं आहे सर. इथं आपण मोजलेलंच नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "सगळ्याच चित्रात थोडाफार अंदाज असतो, वृषाली."

"थोडाफार? नव्वद मीटर! आणि बरोबर झऱ्यावर. झरा कालपासून बंद आहे."

"असं कोण म्हणतं?"

"माझी आत्या."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. सावकाश, समजावणीच्या सुरात ते म्हणाले, "उद्या प्रत्येकाची आत्या फोन करेल. मग आपण आणि जुने साहेब यात फरक काय? आकड्याला हात लावायचा नाही, हे आपणच ठरवलं ना?"

"मग फेरसर्वेक्षण तरी लावा. आज. आत्ता."

"यादीत घालतो. दिवाळीनंतर पथक मोकळं होईल."

"दिवाळीनंतर तिथं सर्वेक्षण नाही, उत्खनन करावं लागेल!" माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतल्या दोन माना वळल्या.

"हे बघ," ते म्हणाले, "आकडा मी बदलू शकत नाही, तू बदलू शकत नाहीस. प्रमाणित मोजमाप बदलू शकतं. नवं मोजमाप आत गेलं की वीस मिनिटांत पहारा सगळं नव्यानं मांडतो. तूच तर लिहिलायस तो भाग. आण मोजमाप."

ते मला वाटेला लावण्यासाठी बोलले होते. मी ते शब्दशः घेतलं. चार दिवसांच्या रजेचा अर्ज त्यांच्याच टेबलावर ठेवला, भांडारातून व्होल्टमीटर आणि तीस पोलादी कांबा उचलल्या आणि दुपारची एसटी पकडली. कांबांची पावती केली नाही. करायला बसले असते तर भांडारपालानं परवानगीचं पत्र मागितलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हेदकोंडात होते. महाडपर्यंत एसटी, पुढं जीप, आणि शेवटचा चढ पायी. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. घराघरांतून भाकरीचा धूर निघत होता, कुणी गोठा झाडत होतं, आणि प्रत्येकाच्या फोनवर ते हिरवं अकरा झळकत होतं. किसन शेलार ओटीवर दात घासत बसला होता. मला बघून म्हणाला, "आलीस होय? तुझं यंत्र बोलत नाय तोवर आमी काय हलत नाय हां." मी तशीच पुढं निघाले. थांबले असते तर त्याचा ब्रश काढून घेतला असता.

आत्या राईपर्यंत माझ्यासोबत आली. रावजीबाबा तिथंच होते, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, अंगात बंडी, हात तसाच आडवा. चार वर्षांत ते आणखी वाळले होते. मी खांद्यावरच्या कांबा खाली आपटल्या. रात्रभर मनात भांडण घोकून आले होते मी.

"बाबा, आज मी थांबणार नाही. बाजूला व्हा."

"लोखंड नको," ते म्हणाले.

"बेचाळीस घरं आहेत खाली! दीडशे माणसं! उद्या डोंगर आला तर तुमची झोलाई येणार आहे का उकरायला? कसलं लोखंड घेऊन बसलाय तुम्ही!"

आत्यानं माझा दंड धरला. रावजीबाबा मात्र चिडले नाहीत. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"लोखंड नको म्हटलं, बाय. तू येऊ नको, असं कुठं म्हटलं?"

मी खाली पडलेल्या कांबा पायानं बाजूला सारल्या.

"चार वर्सांमागं पन हेच म्हटलेलं. लोखंड नको. तुमी मान हलवलीत, पोरांना हाका मारल्यात नि पलीकडं गेलात. मला वाटलं, आता इचारतील, मग काय चालंल? कोन इचारलंच नाय. मी रोज तांब्याचा गडू घेऊन आत जातो. आत पितळंची घंटा हाय. माती चालते, लाकूड चालतं, तांबं चालतं. झरा आटला तवा सगळ्यांच्या आधी मला दिसलं. पन मला कोन इचारतंय?"

त्या पावसात मला अशी लाज वाटली की तशी पुढं कुठल्याही चौकशीत वाटली नाही. एक प्रश्न. फक्त एक प्रश्न विचारायचा होता, आणि मी डॉक्टरेट घेतलेली बाई तो न विचारता गाडीत जाऊन बसले होते. रूढीचा मान राखल्याचं समाधानही मिळवलं होतं. खरं तर मला नव्वद मीटरांचं काम वाचवायचं होतं आणि त्यांचा नियम सोयीचा सापडला होता.

"तांबं चालतं," मी मोठ्यानं म्हटलं.

"व्हय."

"आणि मातीचं भांडं?"

"देवीला निवेद मातीच्याच भांड्यात असतो."

तेव्हा मला आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. पाणी मातीतून झिरपतं तेव्हा आपल्याबरोबर विजेचा बारीक भार ओढत नेतं. पाणी जिथं आत शिरतं तिथं जमिनीतला विजेचा दाब थोडा उणे होतो, जिथं बाहेर येतं तिथं थोडा अधिक. फरक व्होल्टच्या हजाराव्या भागांत, पण मोजता येतो. त्यासाठी जमिनीत वीज सोडावी लागत नाही, नुसतं ऐकायचं. आणि गंमत अशी, की हे काम लोखंडाच्या कांबेनं नीट होतच नाही. ओल्या मातीत लोखंड गंजायला लागतं आणि स्वतःच छोटी बॅटरी बनून आकडे बिघडवतं. त्याला भाजलेलं पण झिलई न दिलेलं, पाझरणारं मडकं लागतं, त्यात मोरचुदाचं पाणी, आणि त्या पाण्यात तांब्याची तार. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. आमच्या कक्षात ती कुणी वापरत नव्हतं, कारण तिला यंत्र लागत नाही आणि यंत्राशिवाय निविदा निघत नाही.

"आत्या, मोरचूद आहे?"

"पोफळींवर मारायला आणलेला पिशवीभर हाय. उघाड मिळाली नाय म्हनून तसाच पडलाय."

"तांब्याची तार?"

"पंपाची मोटर जळलेली, तिचं वायंडिंग माळ्यावर हाय."

"आणि लहान मडकी? साधी, मातीची. पंचवीस तरी."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अगो, सुगडं! संक्रांतीची! पाच पाच सुगडं पुजतो, कोन टाकून देतं व्हय? घराघरात माळ्यावर हायत."

ती उतरणीवरून ज्या वेगानं खाली गेली तो मी विसरणार नाही; तिच्या गुडघेदुखीबद्दल तर मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. अर्ध्या तासात सात-आठ बायका टोपल्या घेऊन वर आल्या. कुणाच्या सुगडावर हळदीकुंकवाची बोटं अजून होती, कुणाच्या तळाशी तिळाचे दाणे चिकटले होते. आम्ही सव्वीस चांगली सुगडं निवडली. बायकांनी तारेवरचा रंग करवंटीच्या कडेनं खरवडला. मोरचुदाचं निळं पाणी भरलं. मीटर राईच्या बाहेर ठेवला, कारण त्याला लोखंडी स्क्रू होते.

आत जाण्याआधी रावजीबाबांनी सगळ्यांना उभं केलं. किल्ल्या, ब्लाउजच्या पिना, केसांतले चाप, सगळं एका पानावर काढून ठेवलं. माझ्या बुटांना लोखंडी खिळे होते, बूटही निघाले. अनवाणी, चिखलात, हाती करवंट्या घेऊन आम्ही खड्डे उकरले आणि सुगडं गळ्यापर्यंत पुरली, वरपासून खालपर्यंत एका ओळीत. नव्वद मीटर. रावजीबाबा पुढं होते. जुन्या पाण्याच्या वाटा त्यांना पाठ होत्या. "हितं ओल असायची. हितं नाय. हितं बेडकं असत." ते सांगत गेले, मी लिहीत गेले. याला म्हणतात सर्वेक्षण.

आकडे यायला लागले. राईच्या वरच्या अंगाला उणे साठ, उणे सत्तर. पाणी भराभर आत शिरत होतं. झऱ्याच्या तोंडाशी अधिक आकडा हवा होता, तिथं शून्य. म्हणजे बाहेर काहीच येत नव्हतं. मी राईच्या खाली, घरांच्या परसात आणखी तीन सुगडं लावायला लावली. तिथं अधिक चाळीस. पाणी कातळावरून सरकत घरांच्या पायाखाली पोचलं होतं आणि वर यायला वाट शोधत होतं. किसनच्या गोठ्याच्या भिंतीला बोट शिरेल एवढी भेग गेली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "ती व्हय? परवापासनं हाय. पहारा हिरवा व्हता म्हनून म्हटलं, काय नाय."

*

आत्याच्या पडवीत बसून मी मोजमाप भरायला घेतलं. दुपारचा एक वाजला होता. जागा, अंतर, आकडे, सगळं गेलं. शेवटी रकाना आला, 'विद्युताग्राचा प्रकार'. त्याखाली एकच पर्याय होता. 'पोलादी कांब, प्रमाणित'.

दुसरा पर्याय नव्हता. रकाना रिकामा ठेवला तर पान पुढं जात नव्हतं. ही यादी तीन वर्षांपूर्वी मीच ठरवली होती, ठेकेदार छत्रीच्या काड्या ठोकून आकडे आणतात म्हणून. तेव्हा मला कोण शहाणी वाटले होते मी!

खोटी नोंद केली तर नोकरी जाते, हे नियमातच आहे. त्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. पण ही नोंद सगळ्यांना दिसते. हेदकोंडच्या पानावर, कायमचं, असं लिहिलं जाणार होतं की झोलाईच्या राईत लोखंड ठोकलं. ज्या माणसानं आयुष्यभर ते होऊ दिलं नाही, त्याच्या नाकासमोर.

मी रावजीबाबांना बोलावून सगळं सांगितलं. या वेळी विचारलं.

ते पायरीवर टेकले. "खरं काय ते झोलाईला ठावं हाय," ते म्हणाले. "पोरंबाळं निघू देत खाली. लिव तू."

मी लिहिलं. वीस मिनिटांनी अकराचा आकडा एकदम एक्याऐंशी झाला आणि वाडीतले सगळे फोन एका दमात किंचाळले. आत्याचं ऐकून कुणी कूस बदलली नव्हती. आता किसन सगळ्यांच्या पुढं पळत होता, काखेत टीव्ही. मला हसायला हवं होतं, पण रागानं माझे डोळे भरून आले. तीच भेग, तोच झरा, तीच म्हातारी. फक्त रंग बदलला होता.

तीन वाजता बस आल्या. साडेपाचपर्यंत दीडशे माणसं, गुरं, कोंबड्या, सगळी चार किलोमीटरवरच्या शाळेत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, मुलांना बिस्किटं वाटणं चाललं असताना, आधी जमीन हलली आणि मग ऐकू आला तो आवाज. राई उभीच्या उभी निघाली, झाडं ताठ, आणि घरांवर येऊन बसली. बेचाळीसपैकी तीन घरं उरली. आत्याचं त्यांत नव्हतं. माणूस एकही गेलं नाही.

*

पंधरा दिवसांनी आत्यानं शाळेतून फोन केला. मला वाटलं कपडे, औषधं काही हवं असेल.

"रावजीच्या पंगतीला कोन बसत नाय," ती म्हणाली.

कुणीतरी फोनवर हेदकोंडचं पान उघडलं होतं. 'शेवटचं मोजमाप: झोलाईची राई. पोलादी कांब, नग एकोणतीस.' आणि दुसऱ्या दिवशी डोंगर आला. लोकांनी दोन्ही जोडून टाकलं. देवी कोपली, गुरवानं लोखंड आत सोडलं, त्याची फळं सगळ्यांना.

"पण बायका होत्या की आत! त्यांनी बघितलं!"

"त्या सांगतात गो. मीबी घसा फोडून सांगते. किसन म्हनतो, मडकी तुम्हाला दाखवायला, मागनं कांबा ठोकल्या असतील. सरकारी पानावर काय खोटं लिवतात? कांबा तू आणलेल्याच ना, सगळ्यांनी बघितल्या."

आणि रावजीबाबा? "तो काय बोलत नाय," आत्या म्हणाली. "एकटा व्हरांड्याच्या कोपऱ्यात जेवतो."

फोन ठेवून मी टेबलावर मूठ आपटली. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, शेजारणीवर ठेवला नाही, पानावर ठेवला. हे त्यांना शिकवलं कुणी? आम्हीच.

त्याच आठवड्यात चौकशीची नोटीस आली. रजेवर असताना विनापरवाना मोजमाप, भांडारातून विनापावती साहित्य. चौकशीच्या आदल्या दिवशी सबनीसांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला, म्हणजे काहीतरी हवं होतं.

"घाबरू नकोस. मी आधीच्या तारखेची परवानगी देतो," ते म्हणाले. "कांबा नेल्या होत्यास, त्या ठोकल्या, एवढंच म्हण. नोंद खरी ठरते, तुझी नोकरी राहते. आणि पहाऱ्यानं सतरा तास आधी दीडशे माणसं वाचवली, हे सगळ्या देशाला कळतं."

"पहाऱ्यानं?"

"मग कुणी?"

"मी कांबा ठोकल्या म्हटलं तर रावजी गुरव मरेपर्यंत एकटे जेवतील."

"वृषाली, एका माणसाच्या पंगतीसाठी तू सगळी यंत्रणा..."

मी चहा तसाच ठेवून उठले.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडं तिघं, कडेला नोंद घेणारा लिपिक, आणि भिंतीवर कॅमेरा. पहाऱ्याच्या चौकश्या सगळ्यांना थेट बघता येतात, तोही आमचाच नियम. शाळेच्या हॉलमधल्या पडद्यावर हेदकोंड बसलं असणार, हे मला आत्यानं सांगितलं होतं. रावजीबाबांनाही ती ओढून नेणार होती.

अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी बाई होत्या. "तुम्ही झोलाईच्या राईत पोलादी कांबा वापरल्यात, हे बरोबर?"

मी पिशवीतून सुगड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मोरचुदानं ते बाहेरून निळं पडलं होतं, गळ्याशी हळदीकुंकवाची बोटं तशीच होती. दरडीच्या ढिगाऱ्याच्या कडेला आत्याला ते सापडलं होतं, न फुटता.

"हे वापरलं. याला पोलाद म्हणतात का?"

सबनीस खुर्चीत पुढं झुकले. मी थांबले नाही.

"कांबा मी नेल्या होत्या. त्या राईच्या बाहेर पडून राहिल्या आणि दरडीखाली गेल्या. एकही आत गेली नाही, कारण रावजी गुरवांनी जाऊ दिली नाही. पटत नसेल तर माझे आकडे बघा. ओल्या मातीत लोखंडावर हे आकडे दहा मिनिटंही स्थिर राहत नाहीत, इथं दोन तास राहिलेत. कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. मी खोटी नोंद केली, कारण तुमच्या पानावर खरं लिहायला जागा नव्हती. ते पानही मीच केलं होतं आणि चार वर्षांपूर्वी हिरवा रंगही मीच दिला होता, न मोजता."

"हे बोलल्यानं नोकरी जाईल, याची कल्पना आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आहे. पण आधी ही यादी घ्या." मी कागद सरकवला. "राज्यात अशा एकशे त्रेसष्ट जागा आहेत जिथं आमची ओळ मध्येच थांबली. देवराया, कबरस्तानं, खाणींची कुंपणं, बड्या लोकांच्या फार्महाऊसची फाटकं. कुठं नम्रपणे थांबलो, कुठं घाबरून. सगळीकडं संगणकानं सरासरी भरली आहे. आज या क्षणी त्या सगळ्या हिरव्या आहेत."

मग त्या बाईंनी यादी हातात घेतली, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि लिपिकाकडं वळून म्हणाल्या, "हेदकोंडची नोंद दुरुस्त करा. आत्ता."

लिपिकानं दोन-तीनदा कळा दाबून बघितल्या. तो अवघडला. "मॅडम, या रकान्यात दुसरं काही येतच नाही. पोलादच येतं."

"मग रकाना बदला," मी म्हटलं. "मातीचं मडकं लिहा, आणि मोजमाप कुणाच्या सांगण्यावरून घेतलं तिथं रावजी गुरवांचं नाव लिहा. ते तिकडं शाळेत पडद्यासमोर बसले आहेत. या वेळी त्यांना विचारून लिहा."